दगडाची मागची बाजू

अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात सिंधूताईंना कधी काही पाहायला जावंसं वाटलं नव्हतं. लोणारचं सरोवर पाहायला गल्लीतून गाडी भरून निघाली, तेव्हा "पान्यात काय पाहाचं?" म्हणून ही बाई घरीच राहिली आणि त्या दिवशी तिने पाच किलो मिरच्या कांडल्या. अशा सिंधूताई एका बुधवारी सकाळी डोक्याला तेल चोपडून, ठेवणीतलं निळं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "दीपा, मले साखरखेर्ड्याचं म्युझियम पाहाचं हाये."

दीपमाला अंगणवाडीत जायला निघाली होती. तिने सासूच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"काय पाहाचं हाये तिथं?"

"राजामहाराजाच्या वस्तू हायेत म्हनते. तलवारी हायेत. आपला दगड बी हाये तिथं."

दगडाचं नाव त्यांनी अगदी शेवटी घेतलं, जाता जाता आठवल्यासारखं. पण दीपमाला अकरा वर्षं या घरात होती. सासू जी गोष्ट शेवटी आणि सगळ्यात हलक्या आवाजात सांगते तीच तिला हवी असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने सेविकाबाईंना फोन करून सुट्टी सांगितली आणि दोघी उंद्रीच्या फाट्यावर येऊन चिखलीच्या बसची वाट पाहत उभ्या राहिल्या.

आता हा दगड काय ते सांगायला हवं. सिंधूताईंच्या घरामागे न्हाणीला लागून एक काळी शिळा पडलेली होती. कधीपासून, ते कुणालाच माहीत नव्हतं. जानरावांच्या बापाच्याही आधीपासून असावी. जानराव म्हणजे सिंधूताईंचे मालक. हा माणूस त्या शिळेवर इळा, म्हणजे विळा, पाजवायचा. आणि एकटा स्वतःचाच नाही. सोयाबीन काढणीला आलं की अर्ध्या गल्लीचे इळे जानरावांच्या दारात येऊन पडायचे, कारण त्यांच्या हातची धार चार दिवस टिकायची. माणूस डावखुरा. डाव्या हाताने इळा ओढायचे, शेवटच्या ओढीला जोर द्यायचे आणि अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून पाहायचे. शेजारी सिंधूताई तांब्या घेऊन बसायच्या. दगडावर पाण्याची बारीक धार सोडत राहायची, हे त्यांचं काम. "टाक" म्हटलं की टाकायचं, "पुरे" म्हटलं की थांबायचं. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात नवराबायकोचं बोलणं बहुतेक या दोन शब्दांतच झालं, आणि सिंधूताईंना त्यात कधी काही कमी वाटलं नाही.

अशा ओढण्याने शिळेत खळगा पडला. हातभर लांब, मध्ये खोल, आणि एका टोकाला जरा जास्तच खोल.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात जानराव गेले. छातीत कळ आली आणि चिखलीच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. रीतीप्रमाणे त्यांचे कपडे वाटून टाकले. खाट धाकट्या दिराने नेली. फोटो म्हणाल तर आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला भिंतीवर होता, पण त्यात जानराव तलाठ्याच्या कचेरीतल्या कुणासारखे दिसायचे. सिंधूताई त्या फोटोला रोज हार घालायच्या आणि त्याच्याकडे फारसं पाहायच्या नाहीत.

मग दिवाळीच्या आधी नागसेनने, म्हणजे त्यांच्या मुलाने, मागे नवीन बाथरूम बांधायला काढलं. गवंड्याने पहार घालून शिळा उलटवली आणि तो दोन पावलं मागे सरला. शिळेच्या खालच्या अंगाला चित्रं कोरलेली होती. तलवार उगारलेला माणूस, त्याच्या पायाशी पडलेले दोघे, वर पंखे घेतलेल्या बाया. इतकी वर्षं तो वीर मातीत तोंड खुपसून पडला होता आणि त्याच्या पाठीवर उंद्रीचे इळे पाजवले जात होते.

बातमी गावभर झाली. शाळेच्या मास्तरांनी फोटो पुढे पाठवला, आणि आठव्या दिवशी साखरखेर्ड्याच्या नव्या संग्रहालयाची जीप दारात येऊन उभी राहिली. तिच्यातून काजल मॅडम उतरल्या. नाव मॅडम, पण वय तिशीच्या आत. पाठोपाठ दोन माणसं आणि फुटपट्ट्या. सिंधूताईंची नुसती धांदल उडाली. घरात पाहुणे आणि दारात हा झिजका, साबणाचे डाग पडलेला दगड. फाटकी सतरंजी फाटकी बाजू खाली करून अंथरायची, आणि टवका उडालेला कप स्वतःकडे ठेवून धड कप पाहुण्याला द्यायचा, एवढं तर कुठल्याही घरातल्या बाईला कळतं. त्यांनी वीराला काथ्याने खसाखसा घासून काढला. आणि काजल मॅडम वाकून मागची बाजू पाहायला लागल्या, तेव्हा त्या लाजून पटकन म्हणाल्या, "तिकडून पाहू नोका जी. थे बाजू झिजून वाया गेली. हे बाजू पाहा, हे चांगली हाये."

मॅडम हसल्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. चहा झाला, पंचनामा झाला, सिंधूताईंनी अंगठा न उठवता सही केली आणि दगड गेला.

चौथ्या दिवशी शेजारची अन्नपूर्णा इळा घेऊन आली. "काकू, दगड कुठी गेला व? धार लावाची होती." सिंधूताई सवयीने तिला मागे घेऊन गेल्या. तिथे नुसती चौकोनी ओली जागा होती. आपण काय देऊन टाकलं, ते त्यांना तेव्हा कळलं.

सांगणार कुणाला? नागसेन महावितरणमध्ये वायरमन. सगळ्या गोष्टींचा इलाज त्याच्या पिशवीत असतो. तो म्हणाला असता, दुसरा दगड आनून देतो न माय. आणि या वयात मुलाला काय सांगायचं, का तुझ्या बापाने झिजवलेल्या दगडावरून मला एकदा हात फिरवायचा आहे? सिंधूताईंनी तीन महिने कळ काढली. मग डोक्याला तेल लावलं.

साखरखेर्ड्याला उतरेपर्यंत अकरा वाजून गेले. संग्रहालय एका जुन्या सराईत होतं. घोडी बांधायच्या ओवऱ्या दुरुस्त करून त्यांच्या चार खोल्या केल्या होत्या. सिंधूताईंनी दारात चपला काढल्या. काजल मॅडम समोरून लगबगीने आल्या आणि म्हणाल्या, "आजी, राहू द्या ना चपला, इथं चालतात." पण विहारात अनवाणी जायची सवय, जुन्या माणसांच्या वस्तू पाहायला चपला घालून कसं जायचं, असं त्यांना वाटलं असणार. त्या तशाच आत गेल्या.

मॅडमना त्या ओळखू आल्या याचा सिंधूताईंना फार आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. मॅडम स्वतः दाखवायला निघाल्या. पहिल्याच खोलीत काचेच्या पेटीत एक लोखंडी सदरा होता, कड्यांत कड्या अडकवून विणलेला.

"हा धुवाचा कसा?" सिंधूताईंनी विचारलं.

"धुवायचे नाहीत. वाळूबरोबर पोत्यात घालून हलवायचे, म्हणजे गंज निघून जायचा."

"मंग भांडे घासल्यावानीच झालं थे." त्यांनी मान डोलावली. त्या सदऱ्याच्या मालकिणीबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटली.

पुढे तांब्याचा हंडा होता, फौजेच्या भटारखान्यातला. आतली कल्हई पार उडालेली. यात आंबट काही रांधू नका, असं त्यांनी मॅडमना बजावलं. मग फारसी अक्षरं कोरलेला पाषाण, एका विहिरीवरचा. मॅडमनी बोट न टेकवता एकेक ओळ वाचून दाखवली: विहीर कुणी बांधली, कुठल्या साली, आणि पाणी पिणाऱ्याने बांधणाऱ्याची आठवण ठेवावी. सिंधूताई सगळीकडे थांबत होत्या, प्रश्न विचारत होत्या, मान हलवत होत्या. दीपमाला मागून चालत होती आणि हिचं चाललंय काय, याचा विचार करत होती. कारण सासूचे डोळे समोरच्या वस्तूवर नव्हतेच. ते पुढच्या दाराकडे लागलेले होते.

शेवटच्या खोलीत तो होता.

नुसता थाट! खाली पायरीसारखा ओटा, वर दोन दिवे, समोर लाल दोरी. उंद्रीला ज्याच्या अंगावर खरकटं पाणी जायचं, तो वीर भिंतीला पाठ लावून, तलवार उगारून लोकांकडे ऐटीत पाहत होता. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, वीरगळ, यादवकाळ, उंद्री परिसर. मॅडम सांगायला लागल्या. गावच्या गाई पळवून नेणाऱ्यांशी लढताना हा माणूस पडला असावा. वरच्या कप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन चालल्या आहेत. गावाने त्याच्या आठवणीसाठी दगड उभा केला.

"बरं केलं," सिंधूताई म्हणाल्या. मग जरा थांबून, पदराशी चाळा करत, "मांगून नाही का पाहाता येत याले?"

"मागे काही नाही ना आजी," मॅडम सहज म्हणाल्या. "तुम्हीच तर सांगितलं होतं, ती बाजू वाया गेलेली आहे म्हणून."

 खरंच होतं ते. त्यांचंच तोंड, त्यांचेच शब्द.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी हाक मारली आणि मॅडम "आलेच" म्हणून गेल्या. सिंधूताईंनी सुनेकडे पाहिलं नाही. त्या सरळ वाकल्या आणि लाल दोरीखालून पलीकडे गेल्या. दीपमाला "अवो आत्याबाई" म्हणेपर्यंत त्या ओट्यावर चढल्याही होत्या. दगड आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट होती. त्यांनी तिच्यात हात घातला, कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत. गाल वीराच्या तलवारीला टेकला. आत त्यांची बोटं वर गेली, खाली गेली, पुन्हा वर गेली.

खळगा नव्हता. हाताला सगळं सपाट लागत होतं.

त्यांनी हात बाहेर काढला. पंज्याला पांढरं पीठ लागलं होतं. "हा आपला दगड नोहे," त्या म्हणाल्या.

काजल मॅडम दारात उभ्या होत्या. दोरीच्या आत गेलेली म्हातारी पाहून त्या रागावणार होत्या, पण हे वाक्य ऐकून त्यांचा चेहराच उतरला. वस्तू बदलली, असं कुणी म्हणणं म्हणजे संग्रहालयात काम करणाऱ्या माणसाच्या काळजाला हात घालणं. "आजी, असं कसं म्हणता? तुमचाच आहे. तुमच्या अंगणातले फोटो आहेत, नंबर आहे, सगळं आहे."

"आमच्या दगडाले मांगून खळगा होता. याले नाही."

मॅडमनी ओवरीच्या कोपऱ्यात दरवाजाची बिजागरी बसवत असलेल्या कलीम मिस्त्रींना हाक मारली. कलीम मिस्त्री म्हणजे याच गावचे, पन्नाशीचे, सराईची सगळी दुरुस्ती आणि दगडाची मांडणीही त्यांच्याच हातची. हात पुसत आले आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मावशी, दगड तुमचाच हाये. मांगून एक मोठा खड्डा होता त्याले, म्हनून लोखंडी पकड बसत नव्हती. तं म्या प्लास्टर ओतून खड्डा भरून टाकला. एकदम सारखं करून दिलं."

त्यांनी हे चांगल्या कामाच्या अभिमानाने सांगितलं, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पण सिंधूताई ओट्यावरच खाली बसल्या.

"खड्डा नोहे थो, भाऊ," त्या म्हणाल्या. "माह्या मानसाचा हात हाये थो."

 मग एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबता येईना. इळे, डावा हात, तांब्या, अर्धी गल्ली, सगळं त्यांनी सांगून टाकलं, कधी मॅडमना, कधी मिस्त्रींना. शेवटी त्या सुनेकडे वळल्या. "अन् मीच सांगतलं व दीपा यायले, का वाया गेली म्हनून. चार मानसं गाडीतून उतरले, मले शरम वाटली. मी असं काऊन म्हनलं? मले एक खेप हात लावाचा होता, बाकी काही नाही. थोच भरून टाकला यायनं."

दीपमाला दोरी ओलांडून सासूजवळ जाऊन बसली. नियमबियम तिच्या डोक्यातही आलं नाही. तिने सासूचा पांढरा झालेला हात आपल्या पदराने पुसला.

काजल मॅडम ऑफिसात गेल्या आणि जाड नोंदवही घेऊन आल्या. उंद्रीचं पान त्यांनी काढलं. मागील बाजू: झीज. उल्लेखनीय काही नाही. माहिती देणार, घरमालकीण. स्वतःचंच अक्षर त्या बराच वेळ वाचत राहिल्या. वस्तूची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच नीट पाहायची, हे त्यांना कॉलेजात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पण बाहेर अंगणात चहा आला होता, आणि म्हातारी नको पाहू म्हणाली, आणि पुढच्या बाजूला तो वीर होता.

"चूक तुमची नाही आजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही लाजून बोललात. मला विचारायला पाहिजे होतं, कशाने झिजली म्हणून. हे विचारायचंच तर माझं काम आहे."

मांडलेली वस्तू वरच्या साहेबांच्या पत्राशिवाय हलवायची नाही, असा नियम होता. पण नोंद अपुरी राहिली असेल तर ती पुरी करायला वस्तू जागेवरून सोडवता येत होती, आणि ते मॅडमच्या हातात होतं. त्यांनी तारीख घातली. खाली लिहिलं, मागील बाजूची फेरतपासणी. मग पेन थांबवून विचारलं, "खळगा कोणी केला म्हणून लिहू? नाव सांगा."

आता पंचाईत. सिंधूताईंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आधी लाजेने, मग सवयीने. मतदान केंद्रावरसुद्धा शेजारणीला पुढे करायच्या. दीपमालाने तोंड उघडलं, पण सासूने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जानराव," त्या म्हणाल्या. आवाज जरा मोठाच निघाला. "जानराव किसन. रायनार उंद्री."

मॅडमनी ते लिहिलं, आणि सिंधूताईंनी मान वाकडी करून ती ओळ नीट वाचून घेतली.

कलीम मिस्त्रींनी पाना आणला, पोती आणली, ओवरीतून एक लाकडी ठोकळा ओढत आणला. चार नट सैल केले. मग ते आणि मॅडम, दोघांनी मिळून वीराला अलगद पुढे कलंडवलं आणि पोत्यांच्या गादीवर पालथा निजवला. बिचारा वीर! पुन्हा तोंड खाली. मागची बाजू उजेडात आली. तिच्या मधोमध पांढरा पट्टा होता, हातभर लांब.

"निघंन ना थे?" दीपमालाने विचारलं.

"निघते बाई. मॅडमचा नियमच हाये, कोनत्याबी वस्तूले प्लास्टर लावाचं तं आधी खाली पातळ प्लास्टिकचा कागद घालाचा, चिकटू नये म्हनून. म्या म्हनलं, कायले पायजे? पन अल्ला कसम, बरं झालं ऐकलं त्यायचं." मिस्त्रींनी कडेला पातळ पटाशी घातली. थोडं इकडून, थोडं तिकडून, बाळाला उठवावं इतक्या बेताने. मग दोन्ही हात खाली घालून त्यांनी तो पांढरा तुकडा एकसंध उचलला आणि बाजूला पोत्यावर ठेवला.

खळगा होता तसा होता.

मॅडमनी खिशातून सुती हातमोजे काढले, सिंधूताईंकडे पाहिलं आणि ते परत खिशात घातले. सिंधूताई गुडघ्यावर बसल्या. त्यांनी उजवा हात खळग्यात ठेवला. तो नीट बसेना, अंगठा कुठे ठेवावा कळेना. मग त्यांना उमजलं. त्यांनी हात बदलला आणि डावा हात ठेवला. तो अगदी जागच्या जागी बसला, बोटं त्या खोल टोकापर्यंत आपोआप गेली. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी वाहू दिलं. दगड मात्र ओला होऊ नये म्हणून तोंड बाजूला वळवलं.

मिस्त्री वरच्या तुळया मोजल्यासारखे छताकडे पाहत उभे राहिले.

"आत्याबाई," थोड्या वेळाने दीपमाला म्हणाली, "मी हात लावू?"

"लाव न. इथी लाव. इथी जोर द्यायचे थे." त्यांनी सुनेचा हात धरून त्या खोल टोकात ठेवला. अकरा वर्षांत दीपमाला सासऱ्याशी चार वाक्यं बोलली असेल. डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवायचा आणि मागे फिरायचं, एवढीच ओळख. तिने बोटं फिरवली तेव्हा आत बारीक रेघा लागल्या, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. एवढा मऊ दगड तिने कधी हाताने पाहिला नव्हता.

पुन्हा उभा करताना मिस्त्री म्हणाले, आता खळगा भरायचा नाही. दोन्ही कडांना रबराचे दोन तुकडे लावले की पकड बसते, आपल्याला आधीच सुचायला पाहिजे होतं. काजल मॅडम म्हणाल्या, दगड भिंतीपासून हातभर पुढे घेऊ, म्हणजे मागून फिरून पाहता येईल. दोघांची त्यावर जोरात बोलणी सुरू झाली. मिस्त्रींनी जागा मोकळी करायला पसारा आवरला, पोती झटकली आणि तो पांढरा तुकडा उचलून घमेल्यात टाकायला निघाले.

"थे टाकू नोका," सिंधूताई म्हणाल्या.

मिस्त्री थांबले. "मावशी, प्लास्टर हाये हे. फुकाचं वजन."

"असू द्या. मले द्या."

काजल मॅडमनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. नोंदवहीकडे पाहिलं. "याला नंबर नाही," त्या म्हणाल्या. "संग्रहालयाचं नाही हे. घेऊन जा आजी."

चारच्या बसला गर्दी नव्हती. सिंधूताईंना खिडकीची जागा मिळाली. मांडीवर पदरात गुंडाळलेला तो तुकडा. साखरखेर्डा मागे पडलं, दोन्ही बाजूंना हरभऱ्याची शेतं लागली, तेव्हा त्यांनी पदर उघडला. मधोमध चिरलेल्या काकडीच्या अर्ध्या फोडीसारखा तो होता. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, आणि एका टोकाला जास्तच फुगीर. अंगावर त्या बारीक रेघा जशाच्या तशा उतरलेल्या. दगडात जे पोकळ होतं, ते इथे भरीव होऊन मांडीवर बसलं होतं.

"जड हाये काय आत्याबाई? माह्याकडे द्या," दीपमाला म्हणाली.

"राहू दे." त्या अंगठ्याने रेघा चाचपत होत्या. "दीपा, पाय न. एवढा दगड गेला."

"कुठी गेला?"

"थोच तं. एवढा दगड त्यायनं झिजवला. रोज जरासा, रोज जरासा. मी बाजूले बसून पानी घालत होती, माह्याच पान्यासंगं वाहून गेला थो. मले कधी दिसलाच नाही. आज पह्यल्यांदा हातात आला." त्यांनी तुकडा दोन्ही तळव्यांवर तोलून पाहिला. "एवढं काम केलं मानसानं. लोकायचे इळे, आपले इळे. अन् मी एक खेप बी म्हनलं नाही, का दमले असान, टेका घडीभर."

 दीपमालाने सासूचा दंड धरला आणि चिखली येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

चिखलीला बस बदलली. उंद्रीचा फाटा आला तेव्हा ऊन उतरलं होतं. दीपमाला पिशवी घेऊन पुढे झाली आणि मागे वळून पाहते तर सासू अजून जागेवरच. सिंधूताई पदराची गाठ सोडून पुन्हा नीट बांधत होत्या, आतलं काही हलू नये अशी. वाहकाने घंटीच्या दोरीला हात घातला होता, पण म्हातारीला पाहून तो थांबला.

सिंधूताईंनी गाठोडं छातीशी धरलं आणि उठल्या.

"चला," त्या हळूच म्हणाल्या, सुनेला नाही आणि वाहकालाही नाही. "घर आलं. आता टेका घडीभर."